एकशेचाळीस बाइटांचा ऐवज

०२ ७० ००. ज्याचा मजकूर या तीन बाइटांनी सुरू होतो असा एक मेसेज तुमच्या फोनवर बहुधा कधी ना कधी येऊन गेला आहे. फोन वाजला नाही, इनबॉक्समध्ये काही उमटलं नाही. फोनने तो मेसेज उघडलाही नाही. आतल्या सिमकार्डाच्या हवाली केला, आणि कार्डाने त्यात सांगितलेलं काम मुकाट्याने उरकलं. रोमिंगमध्ये कुठली नेटवर्कं आधी शोधायची ती यादी बदलली असेल, मेनूत एखादी ओळ वाढली असेल, एखादा छोटा प्रोग्रॅम कार्डात येऊन बसला असेल किंवा तिथून काढून टाकला गेला असेल. मोबाइल कंपनीला आपल्या खिशातल्या कार्डापर्यंत पोचण्याचा हा मार्ग, आणि त्या मार्गाने जाणारा मजकूर कसा लिहायचा याचे नियम एका मानकात नोंदवलेले आहेत: जीएसएम ०३.४८. नाव रुक्ष आहे, पण तांत्रिक लेखनात इतका विचारी आणि इतका काटकसरी मजकूर माझ्या वाचनात दुसरा नाही. तो बाइट-बाइट करून सावकाश वाचण्याच्या योग्यतेचा आहे, म्हणून हा खटाटोप.

आधी कार्डाविषयी थोडं. सिमकार्ड हा अख्खा संगणक आहे. फक्त त्याला स्वतःची बॅटरी नाही, पडदा नाही, आणि आपणहून बोलायला सुरुवात करण्याची मुभा नाही. वीज फोन देतो, घड्याळाचे ठोके फोन देतो, प्रश्नही फोनच विचारतो; कार्डाने उत्तर द्यायचं. नव्वदच्या दशकात जीएसएम ११.१४ या मानकाने, म्हणजे सिम टूलकिटने, त्याला वाचा दिली. ती दिली कशी, हे बघण्यासारखं आहे. पहिला शब्द अजूनही कार्डाचा नसतो. पण फोनच्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर देताना, 'झालं' या अर्थाच्या ९० ०० ऐवजी ते ९१ आणि त्यापुढे एक संख्या देऊ शकतं. अर्थ असा: तुझं काम झालं, आणि मला इतक्या बाइटांचं काही सांगायचं आहे. मग फोन म्हणतो, सांग. कार्ड सांगतं: हा मेनू दाखव, हा मेसेज पाठव, इतक्या वेळाने मला हाक मार. रीत न मोडता पुढाकार घेण्याची ही सोय मला फार आवडते.

कार्डात प्रोग्रॅम चालू लागले तसा पुढचा प्रश्न उभा राहिला. कोट्यवधी कार्डं लोकांच्या खिशांत गेली. आता त्यांतले प्रोग्रॅम बदलायचे कसे? प्रत्येकाला दुकानात बोलावून कार्ड बदलून देणं परवडणारं नव्हतं. ०३.४८ हे त्या प्रश्नाचं उत्तर. पुढे ते मानकं ठरवणाऱ्या संस्थांपैकी थ्रीजीपीपीकडे २३.०४८ झालं, मग ईटीएसआयच्या टीएस १०२ २२५ आणि टीएस १०२ २२६ या दोन मानकांत विभागलं गेलं. पहिल्यात पाकीट कसं बांधायचं ते, दुसऱ्यात पाकिटात काय घालायचं ते. या धंद्यातली जुनी माणसं तरीही ०३.४८ असंच म्हणतात.

लेखकांच्या हाती जागा किती होती, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. एसएमएस हा मुळात फोन आणि नेटवर्क यांच्यातल्या सिग्नलिंगच्या वाटेवर, कॉल जोडण्या-तोडण्याच्या संदेशांमध्ये उरलेल्या जागेत बसवलेला आहे. सात बिटांचं एक अशी १६० अक्षरं, म्हणजे ११२० बिट, म्हणजे १४० बाइट. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या इंजिनिअरने व्होडाफोनच्या रिचर्ड जार्व्हिस यांना नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या, तो पहिला एसएमएस याच मापाच्या पाकिटातून गेला. शुभेच्छांना ती जागा ऐसपैस होती. ०३.४८ च्या लेखकांना तेवढ्याच जागेत पाठवणाऱ्याची ओळख, पाकीट फोडलं गेलं नसल्याची खात्री, पत्ता, क्रमांक, पोचपावतीची मागणी हे सगळं बसवून वर खुद्द कामासाठी जागा राखायची होती.

पाकिटाच्या बाहेरची खूण दोन बाइटांची. एक ७एफ: हा मेसेज सिमसाठी आहे. दुसरा एफ६: मजकूर आठ-आठ बिटांचा आहे आणि वर्ग दोन, म्हणजे पुन्हा सिमचाच. या दोन खुणा दिसल्या की फोनने तो मेसेज वापरणाऱ्याला दाखवायचा नाही. 'एन्व्हलप' नावाच्या आज्ञेत घालून कार्डाला द्यायचा. कार्ड त्या वेळी एखाद्या मेनूत गुंतलेलं असेल तर ९३ ०० असं सांगायची सोय आहे: आत्ता हात मोकळे नाहीत. फोन बंद असेल, माणूस घाटात किंवा बोगद्यात असेल, तर कंपनीच्या मेसेज सेंटरमध्ये पाकीट थांबतं आणि फोन नेटवर्कवर परतला की पुन्हा निघतं. ही थांबून राहण्याची सवय एसएमएसने फुकटात दिलेली देणगी आहे, आणि दुरून कार्ड सांभाळण्याच्या कामात तिच्याइतकं मोलाचं काही नाही.

आता पाकीट उघडू. सुरुवातीच्या ०२ ७० ०० मध्ये सांगितलेलं असतं की पुढे येतंय ते आज्ञेचं पाकीट आहे. उलट दिशेने येणाऱ्या उत्तराला ७१. मग पूर्ण लांबी दोन बाइटांत, शीर्षकाची लांबी एका बाइटात. नेहमीच्या वापरात शीर्षकाची लांबी १५ लिहिलेली दिसते. ही सोळांच्या पटीतली मोजणी, आपल्या हिशेबाने २१. त्यानंतर येतात ते दोन बाइट म्हणजे या सगळ्या रचनेचा आत्मा. उदाहरणार्थ १६ २१.

१६ हे बिटांत मांडलं की ०००१ ०११०. उजवीकडून वाचायचं. पहिले दोन बिट १०: सोबत क्रिप्टोग्राफीने काढलेली सही आहे, ती तपास. तिसरा बिट १: मजकूर एन्क्रिप्ट केलेला आहे. पुढचे दोन बिट १०: काउंटर बघ, आणि तो तुझ्याकडच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तरच हात लाव. एका बाइटातले पाच बिट, आणि त्यात तीन शंकांची उत्तरं: हे खरंच त्यानेच पाठवलंय का, वाटेत कोणी वाचलं का, आणि हे आधी एकदा येऊन गेलंय का. दुसरा बाइट २१, म्हणजे ००१० ०००१, तो परतीच्या प्रवासाविषयी बोलतो: पोचपावती हवी, आणि ती कार्डाने स्वतंत्र मेसेज म्हणून पाठवावी. २१ च्या जागी ३९ लिहिलं तर पोचपावतीवरही सही आणि एन्क्रिप्शन मागितलं जातं. पाठवणारा आणि घेणारा यांच्यात कुठल्या पातळीचा विश्वास आहे, ते सगळं या दोन बाइटांत कळतं. वाचणाऱ्याला एकदा सवय लागली की '१६ ३९' दिसताच कंपनी सावध आहे हे समजतं, आणि '०० ००' दिसलं की पोटात गोळा येतो.

पुढचे दोन बाइट किल्ल्यांचे. १५ आणि १५. डावीकडचा १ म्हणजे किल्ल्यांच्या संचाचा क्रमांक, उजवीकडचा ५ म्हणजे पद्धत: दोन किल्ल्यांचं ट्रिपल डीईएस. इथे किल्ली स्वतः जात नाही, तिचा फक्त नंबर जातो. ती कारखान्यात कार्डात घातलेली असते आणि तिची जोडीदार कंपनीच्या सर्व्हरमध्ये. इथे ५ च्या जागी १ असता, म्हणजे १५ ऐवजी ११, तर पद्धत साधी डीईएस झाली असती. ०००१ ०१०१ आणि ०००१ ०००१. फरक एका बिटाचा. या बिटाकडे आपल्याला परत यायचं आहे.

मग तीन बाइट पत्त्याचे. कार्डात अनेक प्रोग्रॅम राहतात, त्यांतल्या कोणासाठी हे पाकीट आहे, ते इथे. ०० ०० ०० असेल तर कार्डाच्या व्यवस्थापकासाठी, म्हणजे ज्याला नवे प्रोग्रॅम घ्यायचा आणि जुने काढायचा अधिकार आहे त्याच्यासाठी. मग पाच बाइटांचा काउंटर, एक बाइट पॅडिंगच्या मोजणीचा, आठ बाइट सही.

काउंटरपाशी मला थांबायचं आहे, कारण या मजकुरात खरं शहाणपण तिथे आहे. समजा कंपनीने एक मेसेज पाठवून कार्डातला एक प्रोग्रॅम काढून टाकला, आणि पुढच्या महिन्यात तोच प्रोग्रॅम सुधारून परत बसवला. मधल्या वेळात कोणी तो पहिला मेसेज जसाच्या तसा पकडून ठेवला आहे. त्याला तो उघडता येत नाही, त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. पण तो पुन्हा पाठवता येतो. सही खरी आहे, एन्क्रिप्शन खरं आहे, पत्ता बरोबर आहे. कार्डाने तो मानला तर प्रोग्रॅम पुन्हा गायब. खरा मेसेज दुसऱ्यांदा आला की खोटा होतो, आणि हे कार्डाला फक्त आकड्यावरून समजतं.

त्या आकड्याशी कसं वागायचं, याला दोन बिट आणि चार पर्याय. ००: काउंटर नाही. ०१: काउंटर आहे, पण तो तपासायचा नाही. १०: आलेला आकडा माझ्याकडच्यापेक्षा मोठा असेल तरच काम करायचं. ११: बरोब्बर एकने मोठा असेल तरच. वरवर पाहता ११ सर्वांत कडक म्हणून सर्वांत चांगला वाटेल. पण एसएमएस हरवतात. मुदत संपून मेसेज सेंटरमध्येच विरतात. ११ वापरला आणि मधला एक मेसेज पोचला नाही, तर त्यामागचे सगळे मेसेज कार्ड परत पाठवत बसेल, आणि सर्व्हरने पोचपावत्यांचा हिशेब नीट ठेवलेला नसेल तर कार्ड आणि कंपनी यांच्यातलं बोलणं तिथेच खुंटेल. १० मध्ये मात्र हरवलेल्याला हरवू देण्याची समजूत आहे. जुनं परत घ्यायचं नाही, पण मधलं गळालं तर अडून बसायचं नाही. ज्यांनी खऱ्या नेटवर्कवर खरे मेसेज गहाळ होताना पाहिले आहेत त्यांनाच हा पर्याय सुचतो. आणि जिथे क्रम मोडून चालणारच नाही तिथे ११ आहेच.

पाच बाइटांत सुमारे एक लाख दहा हजार कोटी आकडे मावतात. तरीही मानकाने शेवटाचा विचार केला आहे. काउंटर टोकाला पोचला, सगळे बाइट एफएफ झाले, की तो शून्यावर परत येत नाही. तिथेच बंद पडतो, आणि कार्ड यापुढे त्या किल्लीचं काही ऐकणार नाही असं उत्तर देतं. शून्यावर परतणं म्हणजे जुने पकडून ठेवलेले सगळे मेसेज पुन्हा जिवंत करणं. त्यापेक्षा बंद पडलेलं बरं.

आणि आता या भागातला मला सर्वांत प्रिय नियम. कार्डाने आपल्याकडचा काउंटर पुढे कधी सरकवायचा? सहीची तपासणी उत्तीर्ण झाल्यावर, त्याआधी नाही. वाचताना हे सहज डोळ्यांखालून निसटतं. पण क्रम उलटा करून बघा. एखाद्या उपद्व्यापी माणसाकडे किल्ली नाही, काही नाही. तो फक्त एक बनावट पाकीट तयार करतो आणि काउंटरच्या जागी पाच वेळा एफएफ भरतो. कार्डाने आधी काउंटर नोंदवला आणि मग सही तपासली, तर सही खोटी निघेल, काम होणार नाही. पण काउंटर टोकाला गेलेला असेल, आणि कंपनीचे यापुढचे सगळे खरे मेसेज त्या कार्डापुढे कायमचे निकामी. एका खोट्या मेसेजने कार्ड मालकापासून तुटलं असतं. नियमाच्या दोन पायऱ्यांच्या क्रमात हा सगळा अनर्थ टाळलेला आहे, आणि मानकाने त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतलेली नाही.

जागेचा हिशेबही एकदा हाताने करून बघण्याजोगा आहे. १४० मधून सुरुवातीचे तीन गेले, लांब्यांचे तीन गेले, सुरक्षेचे दोन, किल्ल्यांचे दोन, पत्त्याचे तीन. उरले १२७. इथून पुढचं सगळं एन्क्रिप्ट होतं आणि ट्रिपल डीईएस आठ-आठ बाइटांचे गठ्ठे घेतं, म्हणून १२७ मधले १२० च वापरता येतात. त्यातून काउंटर, पॅडिंगची मोजणी आणि सही मिळून चौदा वजा. कामाला उरले १०६ बाइट. पत्ता, किल्ल्यांचे नंबर आणि सुरक्षेची पातळी मात्र उघडीच ठेवली आहे, कारण कुठल्या किल्लीने उघडायचं हे कळल्याशिवाय कार्ड उघडणार कसं? झाकायचं ते झाकलेलं, उघडं ठेवायचं ते उघडं. आणि सही उघड्या भागालाही धरून काढलेली, म्हणजे वाटेत पत्ता बदलला तरी सही जुळत नाही.

या १०६ बाइटांत काय जातं? कधी एखादी फाइल बदलण्याची आज्ञा. कार्डात ६एफ४६ क्रमांकाची एक छोटी फाइल असते, कंपनीचं नाव ठेवणारी. मुंबईत ज्यांनी एकच नंबर वर्षानुवर्षं जपला त्यांनी फोनच्या माथ्यावर मॅक्स टच, ऑरेंज, हच, २००७ मध्ये व्होडाफोन आणि २०२० मध्ये व्ही अशी नावं पाहिली. नाव पडद्यावर उमटण्याच्या वाटा अनेक आहेत. कधी नेटवर्क स्वतः ते पाठवतं, कधी फोनच्या पोटातल्या यादीतून येतं, आणि कधी या फाइलमधून. पण ती फाइल दुरून लिहायची तर कार्ड न बदलता, माणसाला न हलवता, एका मेसेजात काम होतं.

अख्खा प्रोग्रॅम पाठवणं हे जास्त कष्टाचं. जावा कार्डसाठी लिहिलेलं पाच हजार बाइटांचं एक साधं अ‍ॅप्लेट घेतलं तरी त्याला चाळीस-पन्नास मेसेज लागतात. आज्ञा ग्लोबलप्लॅटफॉर्म या मानकातल्या. आधी ई६: अमुक ओळखीचा माल येतोय, घ्यायची तयारी कर. मग ई८, पुन्हा ई८, पुन्हा ई८, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक, आणि शेवटच्या तुकड्यावर ८० अशी खूण, की हा शेवटचा. मग पुन्हा ई६, या वेळी बसवण्यासाठी. नको झालं की ई४, काढून टाकायला. मध्येच कोणी फोनची बॅटरी काढली तर अर्धवट लिहिलेलं कार्डाने स्वतःच्या हिशेबात धरायचं नाही, परत पूर्वस्थितीला जायचं. जावा कार्डमध्ये त्यासाठी व्यवहार सुरू करणं, पक्का करणं आणि रद्द करणं अशी सोय आहे. वीज दुसऱ्याच्या हातात असलेल्या यंत्राला ही सोय हवीच.

बसवण्याच्या आज्ञेत मात्र एक तुकडा आहे तो मन लावून वाचावा. नव्या अ‍ॅप्लेटला कार्डात जागा देताना त्याच्या अटी तिथे ठरतात: तुझी प्राथमिकता किती, तुला टायमर किती वापरता येतील, मेनूत ओळी किती मिळतील, प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त अक्षरं किती, आणि तुझ्याशी बोलायला येणाऱ्या मेसेजला किमान किती सुरक्षा असली पाहिजे. हा चक्क भाडेकरार आहे, आणि चांगल्या भाडेकरारासारखा तो भांडण होण्याआधी लिहिलेला आहे.

काम झालं की पोचपावती. तिच्यातला एक बाइट काय घडलं ते सांगतो, आणि त्या बाइटाची यादी हे छोटंसं वाङ्मय आहे. ०० म्हणजे सगळं ठीक. ०१, सही जुळत नाही. ०२, काउंटर लहान आहे, म्हणजे हे मी आधी पाहिलंय. ०३, काउंटर फार मोठा आहे. ०४, काउंटर संपला. ०५, उघडता येत नाही. ०७, जागा नाही. ०८, अजून वेळ द्या. ०९, या पत्त्यावर इथे कोणी राहत नाही. ०ए, तुम्ही पुरेशा सुरक्षेने आलेला नाहीत. शेकडो किलोमीटरवर बसलेल्या इंजिनिअरला कार्ड डोळ्यांनी बघता येत नाही, तिथे हा एक बाइट त्याचे डोळे होतो. ०२ वारंवार येऊ लागलं तर दोष कार्डात नाही, आपल्याच सर्व्हरचा काउंटर मागे पडलाय हे तो ओळखतो. ०९ आलं तर अ‍ॅप्लेट बसलेलंच नाही. इतकं मोकळेपणाने स्वतःची अडचण सांगणारं यंत्र विरळा.

याच मोकळेपणात घात होता. जुलै २०१३ मध्ये बर्लिनच्या सिक्युरिटी रिसर्च लॅब्जमधल्या कार्स्टन नोल यांनी तो जगापुढे मांडला आणि मग लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत सविस्तर दाखवला. त्यांनी कार्डांना मुद्दाम खोट्या सहीचे मेसेज पाठवले. बरीच कार्डं गप्प राहिली किंवा साधी नकाराची ओळ देऊन मोकळी झाली. पण तपासलेल्या कार्डांपैकी सुमारे एक चतुर्थांश कार्डांनी 'सही चुकली' असं उत्तर दिलं आणि त्या उत्तराखाली स्वतःची खरी सही केली. खोट्याला नाकारताना खरी सही देऊन बसली. उत्तराचा मजकूर माहीत, सही हातात, आणि सही साध्या डीईएसने केलेली. ५६ बिटांची किल्ली आधी मांडून ठेवलेल्या तक्त्यातून साध्या संगणकावर दोनेक मिनिटांत सापडत होती. किल्ली मिळाली की मग कंपनीच्या नावाने हवं ते अ‍ॅप्लेट बसवता येतं. १५ आणि ११ मधला तो एक बिट इथे येऊन भिडला.

दोष मजकुराचा की वापरणाऱ्यांचा? मी मजकुरालाही सोडणार नाही. ०३.४८ ने पर्याय फार दिले. काहीच सुरक्षा नाही इथपासून सही-एन्क्रिप्शन-काउंटर सगळं इथपर्यंत. साध्या डीईएसपासून तिहेरीपर्यंत. नव्वदच्या दशकातल्या कार्डांची ताकद बेताची होती, वेगवेगळ्या देशांचे क्रिप्टोग्राफीचे कायदे वेगळे होते, म्हणून ती उदारता समजते. पण जो मजकूर काउंटर आणि सहीच्या क्रमाबाबत इतका दक्ष आहे, त्याने 'खोट्या मेसेजला सही केलेलं उत्तर कधीही देऊ नये' हेही तितक्याच ठामपणे पहिल्या दिवसापासून सांगायला हवं होतं असं मला वाटतं. ज्याची ओळख पटलेली नाही त्याच्याशी कार्डाने किती बोलायचं, या एका प्रश्नावर लेखणी सैल पडली.

सहा वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, अ‍ॅडॅप्टिव्हमोबाइल सिक्युरिटी या कंपनीने सिमजॅकर उघड केलं. तिथे तर किल्ली फोडायचीही गरज नव्हती. अनेक देशांतल्या कार्डांमध्ये एस-अ‍ॅट-टी ब्राउझर नावाचं जुनं, जवळजवळ विसरलेलं अ‍ॅप्लेट बसलेलं होतं, आणि मघाच्या अटींमधली शेवटची अट, किमान सुरक्षा किती हवी, ती शून्य ठेवलेली होती. कोणीही मेसेज पाठवावा. अ‍ॅप्लेट तो मानून फोन कुठल्या टॉवरखाली आहे ते विचारून घेणार आणि ती माहिती मेसेजने परत पाठवणार. फोनच्या मालकाला ना घंटा, ना ओळ. कराराचा उत्तम नमुना हाताशी असून रकाना रिकामा सोडला, त्याची ही किंमत.

फोनचा मालक. या सबंध मजकुरात तो कुठेही नाही, आणि रसिकतेने वाचतानाही ही उणीव मला टोचते. पाठवणारा आहे, घेणारं कार्ड आहे, मधला निरोप्या फोन आहे, वाटेत टपून बसलेला चोर गृहीत धरलेला आहे. ज्याच्या खिशात हे सगळं घडतं त्याला 'तुझ्या कार्डात आज हे बदललं' असं सांगणारा एकही बाइट पाकिटात राखलेला नाही. कार्ड कंपनीचं, म्हणून व्यवस्था कंपनीची, हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. तो कायद्याच्या अंगाने बरोबरही असेल. पण १४० मधल्या एका बाइटाचा प्रश्न होता.

आणि तरीही या रचनेने काय शक्य केलं ते केनियात बघावं. मार्च २००७ मध्ये सफारीकॉमने एम-पेसा सुरू केलं. पैसे पाठवायचा तो मेनू फोनमध्ये नव्हता, सिममध्ये होता, सिम टूलकिटच्या अ‍ॅप्लेटात. इंटरनेट लागत नव्हतं, महागडा फोन लागत नव्हता. ज्या फोनवर दोन-तीन ओळीच दिसतात त्यावरही 'पैसे पाठवा' ही ओळ दिसत होती. गावाकडे बँकेची शाखा नसलेल्या माणसाला नैरोबीतल्या मुलाने पाठवलेले पैसे मिळू लागले, ते एका नखाएवढ्या कार्डातल्या प्रोग्रॅमवर आणि एन्क्रिप्ट केलेल्या एसएमएसवर विसंबून. कार्डाला वाचा आणि पाकिटाला कुलूप, या दोन गोष्टी आधी कोणीतरी नीट लिहून ठेवल्या नसत्या तर पैशाचा व्यवहार एसएमएसवर सोपवायची हिंमत कोणी केली नसती.

आज वाटा बदलल्या आहेत. ईसिममध्ये कंपनीचं अख्खं प्रोफाइल दुरून उतरवलं जातं, आणि ते काम १०६ बाइटांच्या हप्त्यांनी होणारं नाही. वीजमीटर, गाड्या, पंप यांसाठीच्या, जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या संघटनेच्या एसजीपी.०२ या मानकात एसएमएसला आता बहुतेक वेळा एवढाच निरोप दिलेला असतो: अमुक सर्व्हरशी जोडणी उघड. कार्ड ९१ ची खूण करून मोडेमला डेटाची वाट उघडायला लावतं आणि पुढचं सगळं बोलणं एचटीटीपीएसवरून होतं. ट्रिपल डीईएसच्या जागी एईएस आलं. त्याचे गठ्ठे सोळा बाइटांचे, त्यामुळे १२७ मधले ११२ च हाती येतात आणि कामाला १०६ ऐवजी ९८ बाइट उरतात. निरोपापुरते ते पुष्कळ आहेत. जोडणी उघडायची की नाही, हे मात्र कार्ड अजूनही आधी सही तपासून, मग पाच बाइटांचा काउंटर बघूनच ठरवतं.